लायसियमचा मालक

जुनी इंग्रजी पुस्तकं धुंडाळणाऱ्यांना ‘थॅकर, स्पिंक आणि कंपनी’ हे नाव चांगलं परिचयाचं असतं. कोलकात्यात निघालेल्या कितीतरी ग्रंथांच्या पहिल्या पानावर ते दिसतं. या व्यापारी घराण्याची लंडनमध्ये न्यूगेट स्ट्रीटवर पेढी होती. १८५०च्या दशकात त्या पेढीवर जॉन हेन्री ब्रॉड्रिब नावाचा एक पोरसवदा कारकून हिशेब लिहीत बसायचा. हात हिशेबाच्या वहीत, डोकं मात्र शेक्सपिअरमध्ये. संध्याकाळी तो वक्तृत्वाच्या वर्गाला जाई आणि पैसे साठले की सॅडलर्स वेल्समध्ये सॅम्युएल फेल्प्सचं नाटक बघे. लहानपणी तो अडखळत बोलायचा. त्याला पुढे देशातला पहिला नट व्हायचं होतं, आणि तो झाला. हेन्री अर्व्हिंग हे त्यानं स्वतःसाठी निवडलेलं नाव.

जन्म ६ फेब्रुवारी १८३८चा, सॉमरसेटमधल्या कीन्टन मँडेव्हिल या खेड्यातला. घरची ओढगस्त होती, म्हणून तो कॉर्नवॉलमध्ये मावशीकडे वाढला. मावशीचे यजमान तिथल्या खाणीवर मुकादम होते. सगळं घर कट्टर मेथडिस्ट, रोज बायबल वाचणारं. अशा घरात नाटक म्हणजे नरकाची वाट. मुलगा नट होणार म्हटल्यावर आईच्या काळजाला जी जखम झाली, ती भरून आली नाही. वारशाचे शंभर पौंड हाती आले तेव्हा त्यानं टोप, तलवारी, दागिने अशी सामग्री घेतली, कारण त्या काळी नटाला आपला साज आपणच आणावा लागे. मग पेढी सोडली आणि १८ सप्टेंबर १८५६ला संडरलंडच्या रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला. पहिल्या काही दिवसांतच एकदा संवाद विसरून तो मंचावरून पळून गेला होता.

त्यानंतरची पंधरा वर्षं उमेदवारीत गेली. एडिंबरामध्ये अडीच वर्षांत त्यानं शेकडो लहानमोठ्या भूमिका केल्या. आज राजपुत्र, उद्या चेटकीण, परवा हवालदार. डब्लिनमध्ये प्रेक्षकांच्या लाडक्या नटाच्या जागी त्याला घेतलं, तेव्हा आठवडे न् आठवडे तो मंचावर आला की लोक हुर्यो करत. तो रोज रात्री त्या गोंगाटात संवाद म्हणत राहिला. मग मँचेस्टरमध्ये काही वर्षं, १८६६मध्ये लंडन, आणि १८७०मध्ये ‘टू रोझेस’ या विनोदी नाटकातल्या भूमिकेनं थोडं नाव.

त्याचं नशीब पालटलं ते पुढच्या वर्षी. कर्नल बेटमन या अमेरिकन गृहस्थानं स्ट्रँडजवळचं लायसियम थिएटर भाड्यानं घेतलं होतं. हेतू एकच, आपल्या मुलींना नट्या म्हणून पुढे आणायचं. हंगाम साफ कोसळला, गल्ला रिकामा. अर्व्हिंग त्याच्याकडे नोकरीला होता. एर्कमन-शात्रियान या फ्रेंच लेखकद्वयाच्या नाटकाचं लिओपोल्ड लुइसनं केलेलं इंग्रजी रूप, ‘द बेल्स’, एकदा लावून बघा म्हणून तो बेटमनच्या मागे लागला. पेटीत काहीच उरलं नव्हतं, तेव्हा बेटमननं होकार दिला. २५ नोव्हेंबर १८७१ला पडदा वर गेला.

कथा साधी आहे. अल्सासमधलं गाव, हिवाळा, बर्फाचं वादळ. मॅथियस हा गावचा प्रमुख, त्याची खानावळ आहे, मुलीचं लग्न ठरलंय, गावात मान आहे. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री त्यानं सोन्याचा कसा घेऊन निघालेल्या एका पोलिश ज्यूचा खून केला होता. त्या पैशावर सगळं वैभव उभं आहे, आणि हे कोणालाच माहीत नाही. ज्यूच्या बर्फगाडीच्या घोड्याला घंटा होत्या. मॅथियसला त्या ऐकू येतात, त्याला एकट्यालाच.

अभिनेत्री एलन टेरीचा मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग पुढे रंगभूमीचा मोठा विचारवंत झाला. तरुणपणी तो लायसियममध्ये नट होता, आणि अर्व्हिंगवर त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्यातला ‘द बेल्स’च्या प्रवेशाचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. मॅथियस बाहेरून येतो, टोपी-कोट काढतो, खुर्चीत बसतो, बूट काढून बकलाचे जोडे घालू लागतो. भोवतालची मंडळी वादळाबद्दल बोलत असतात आणि बोलता बोलता कोणीतरी त्या जुन्या रात्रीची आठवण काढतं. मॅथियसचे हात बकलावर थांबतात. हळूहळू, फार हळू, तो ताठ होत जातो. घंटा वाजतायत. तो इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहतो, त्यांना ऐकू येतंय का? नाही. क्रेगनं या काही क्षणांवर पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि ती वाचताना कळतं की ज्याला आपण आज ‘सबटेक्स्ट’ म्हणतो, तो या माणसानं एका मामुली मेलोड्रामात शिरवला होता. तेव्हाचा नट मोठ्यानं बोलून टाळी घेई. अर्व्हिंगनं जोड्याचं बकल लावता लावता अख्ख्या प्रेक्षागृहाचा श्वास रोखून धरला.

खेळ दीडशे रात्री चालला आणि बेटमन तरला.

त्या पहिल्या रात्रीची आणखी एक हकीकत अर्व्हिंगच्या घराण्यात सांगितली जाते. नातू लॉरेन्स अर्व्हिंगनं ती आजोबांच्या चरित्रात नोंदवली आहे. खेळानंतरची मेजवानी आटोपून अर्व्हिंग आणि त्याची बायको फ्लॉरेन्स घोडागाडीनं घरी निघाले. फ्लॉरेन्सला दुसऱ्या मुलाचे दिवस भरत आले होते. नवऱ्याच्या यशाचं तिला काही कौतुक वाटत नव्हतं. हाइड पार्क कॉर्नरपाशी ती म्हणाली, आयुष्यभर असंच स्वतःचं हसं करून घेत राहणार आहात का? अर्व्हिंगनं गाडी थांबवली, उतरला, आणि रात्रीच्या अंधारात चालू लागला. त्या घरी तो परत कधी गेला नाही. घटस्फोट झाला नाही. फ्लॉरेन्स प्रत्येक नव्या नाटकाच्या पहिल्या रात्री बॉक्समध्ये येऊन बसे, आणि पुढे ‘लेडी अर्व्हिंग’ ही पदवीही तिनं मिरवली. मुलांना तिनं वडिलांची टिंगल करायला शिकवलं, तरी दोन्ही मुलगे अखेर नटच झाले. या संसारात चूक कोणाची, हे मला ठरवता येत नाही. एवढं मात्र दिसतं की त्या रात्रीनंतर अर्व्हिंगचं घर म्हणजे लायसियम. ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या खोल्यांत तो झोपण्यापुरता राही.

३१ ऑक्टोबर १८७४ला त्यानं हॅम्लेट केला. पिटातले प्रेक्षक दुपारपासून दाराशी रांग लावून होते. पहिले दोन अंक प्रेक्षागृह गप्प, कारण ठरावीक जागी आरोळी देऊन टाळी घ्यायची हा रिवाज त्यानं मोडला होता. त्याचा हॅम्लेट स्वतःशीच बोलत होता. ऑफेलियाबरोबरच्या प्रवेशात लोकांना तो उमगला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे नाटक दोनशे रात्री चाललं. लंडनमध्ये हॅम्लेटचे सलग इतके प्रयोग त्याआधी कोणीच केले नव्हते.

बेटमन १८७५मध्ये वारला. १८७८मध्ये थिएटर अर्व्हिंगच्या हाती आलं आणि ३० डिसेंबरला त्यानं मालक म्हणून पहिला पडदा उघडला, पुन्हा ‘हॅम्लेट’नंच. इथून चोवीस वर्षं लायसियम म्हणजे अर्व्हिंग. मालक म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला नीट सांगायला हवं. नाटक निवडणं, त्याची काटछाट करणं, प्रमुख भूमिका करणं, बाकीच्यांना शिकवणं, चित्रकारांकडून देखावे, संगीतकाराकडून सुरावट, कपडेपट, प्रकाश, इमारतीचं भाडं, पगार, कर्ज, सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर. सरकारी अनुदान हा प्रकारच नव्हता. नाटक पडलं तर पैसा त्याचा बुडायचा. ऐन भरात लायसियमवर सहाशेहून अधिक माणसांचं पोट चालत होतं.

त्यानं माणसं अचूक हेरली. रंगमंचाची व्यवस्था एच. जे. लव्हडेकडे. कारभार ब्रॅम स्टोकरकडे. स्टोकर डब्लिनमधला सरकारी कारकून, एका वर्तमानपत्रात फुकट नाट्यपरीक्षणं लिहायचा. १८७६मध्ये अर्व्हिंगनं त्याच्यासमोर टॉमस हूडची एका खुनी शिक्षकावरची कविता म्हणून दाखवली तेव्हा हा धिप्पाड गडी कोसळून रडू लागला. दोन वर्षांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडून तो लायसियममध्ये आला आणि अर्व्हिंगच्या मरणापर्यंत त्याच्याजवळ राहिला. पत्रव्यवहार, तिकिटं, दौऱ्यातल्या आगगाड्या, पाहुण्यांची बडदास्त, सगळं त्याच्याकडे. यातून उरलेल्या वेळात त्यानं ‘ड्रॅक्युला’ लिहिली. नाट्यहक्क राखण्यासाठी १८ मे १८९७ला त्या कादंबरीचं नाट्यवाचन लायसियममध्येच झालं. काउंट ड्रॅक्युलाचा रुबाब, समोरच्याला बांधून टाकणारी नजर आणि माणसं पुरती वापरून घेण्याची ताकद स्टोकरला आपल्या मालकातच सापडली, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

आणि एलन टेरी. अर्व्हिंगनं तिला पहिल्याच हंगामात ऑफेलिया म्हणून घेतलं. तिच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. वेडाच्या प्रवेशात आपण काळा पोशाख करणार, असं तिनं ठरवलं होतं. अर्व्हिंगनं तिला थेट मनाई केली नाही. कंपनीतल्या एका जाणत्या सल्लागारानं हादरून तिला समजावलं की या नाटकात काळ्या कपड्यातलं माणूस एकच असू शकतं, आणि ते म्हणजे हॅम्लेट. तिला ते तत्काळ पटलं. तीच लिहिते की तालमींमध्ये अर्व्हिंग इतरांवर अफाट मेहनत घ्यायचा, पण तिच्याबरोबरच्या प्रवेशांना वेळ द्यायचा नाही. पहिल्या रात्री आपण पडलो या समजुतीनं ती शेवटच्या पडद्याआधीच निघून गेली आणि टेम्सच्या काठी गाडीतून फिरत राहिली. प्रत्यक्षात लंडनकरांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. पुढे पोर्शिया, बिअॅट्रिस, लेडी मॅकबेथ. १८८८च्या ‘मॅकबेथ’मधला तिचा हिरवा झगा भुंग्यांच्या चकचकीत पंखांनी मढवलेला होता. सार्जंटनं त्या वेषातलं तिचं चित्र काढलं, ते टेट गॅलरीत आहे. झगाही जपलेला आहे, केंटमधल्या तिच्या स्मॉलहाइथ या घरी.

लायसियमचं खरं वैभव प्रकाशात होतं. त्याआधी खेळ चालू असतानाही प्रेक्षागृहातले गॅसचे दिवे तेवत असत. लोक नाटकाबरोबर एकमेकांचे कपडेही बघत. अर्व्हिंगनं खेळ सुरू होताच प्रेक्षागृह अंधारात ठेवण्याची शिस्त लावली. मंचावर गॅसची पादप्रदीपांची रांग त्यानं तुकड्यातुकड्यांत विभागली, म्हणजे एका बाजूला उजेड वाढवता येई आणि दुसऱ्या बाजूचा मंद करता येई. त्यावर रंगवलेल्या काचा. ठरावीक पात्रावर झोत टाकायला चुन्याचा तुकडा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून निघणारा पांढरा प्रकाश, ज्याला लाइमलाइट म्हणत. प्रकाशाच्या तालमी रात्रीचा खेळ संपल्यावर सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. लंडनच्या इतर नाट्यगृहांत वीज आली, तरी त्यानं गॅस सोडला नाही. विजेचा उजेड त्याला कोरडा वाटे, देखाव्यातल्या रंगांचं मार्दव मारणारा. मात्र १८८५च्या ‘फाउस्ट’मध्ये द्वंद्वाच्या प्रवेशात तलवारी एकमेकींना भिडताच ठिणग्या उडत, आणि त्या विजेच्याच होत्या. हे नाटक त्याच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत जास्त चाललं.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला त्याचा शायलॉक मात्र यंत्रकरामतीवर उभा नव्हता. १८७९च्या उन्हाळ्यात तो बॅरोनेस बर्डेट-कूट्सच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात फिरून आला. उत्तर आफ्रिकेतल्या बंदरांत त्यानं ज्यू व्यापारी पाहिले. त्यांचं सौदा करणं, रागावणं, आणि राग ओसरताच पुन्हा ताठ, डौलदार उभं राहणं. इंग्रजी रंगमंचावर शायलॉक बहुधा एक तर विदूषक असे, नाहीतर राक्षस. अर्व्हिंगनं अपमान सोसून सोसून कडवट झालेला एक प्रतिष्ठित म्हातारा उभा केला. एक प्रवेश त्यानं स्वतःच घातला. मुलगी जेसिका प्रियकराबरोबर पळून जाते, मुखवटे घातलेली मंडळी गात नाचत पुलावरून जातात, पडदा झटकन पडतो. लगेच पुन्हा वर जातो. मंच रिकामा. शायलॉक हातात कंदील घेऊन पुलावरून घरी येतो. दार ठोठावतो. उत्तर नाही. पुन्हा ठोठावतो. शेक्सपिअरच्या संहितेत यातला एक शब्दही नाही, आणि अर्व्हिंगही इथे एक शब्द बोलत नव्हता. १ नोव्हेंबर १८७९ला सुरू झालेले हे प्रयोग अडीचशे रात्री चालले.

आता विरोधकांचं म्हणणं. त्याची चाल विचित्र होती, एक पाय ओढल्यासारखा. स्वर त्याच्या तोंडी वाकडेतिकडे होत. १८७७मध्ये समीक्षक विल्यम आर्चर आणि त्याच्या मित्रानं तर याच विषयावर एक पुस्तिका काढून त्याची खिल्ली उडवली. क्रेगनं पुढे उत्तर दिलं की ती चाल नव्हेच, ते नृत्य होतं. बर्नार्ड शॉचा हल्ला याहून गंभीर आणि याहून खरा होता. १८९५पासून ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त तो आठवड्यामागून आठवडे लिहीत होता की युरोपात इब्सेन आलाय आणि हा माणूस विल्स आणि सार्दूसारख्या लेखकांची नाटकं करतोय, शेक्सपिअरचे लचके तोडून आपल्या भूमिकेपुरतं नाटक उरवतोय, आणि टेरीसारखी अभिनेत्री वाया घालवतोय. यातलं बरंचसं बरोबर होतं. ‘मर्चंट’चा पाचवा अंक अर्व्हिंगनं काही काळ गाळलाच होता, कारण त्यात शायलॉक नाही. शॉनं ‘द मॅन ऑफ डेस्टिनी’ हे नाटक अर्व्हिंग आणि टेरी यांच्यासाठी देऊ केलं. लायसियमच्या मंचावर ते कधी आलं नाही.

पैशाचं गणित मात्र शॉच्या लेखांत सापडत नाही. लायसियमची भव्य नाटकं लंडनमध्ये अनेकदा खर्चही भरून काढत नसत. तूट भरून निघे ती दौऱ्यांतून. १८८३ ते १९०४ या काळात आठ वेळा अमेरिका. सगळी मंडळी, सगळे देखावे, खास आगगाड्या, बर्फातले लांबलांबचे प्रवास. इंग्लंडमधली शहरं वेगळीच. मिळवलेला पैसा पुढच्या नाटकाच्या देखाव्यांत जाई. सढळ हातानं दिलेल्या मेजवान्या, गरजू नटांना केलेली मदत, यातही बरंच जाई. साठवणं त्याला ठाऊक नव्हतं.

मान मात्र पदरी पडला. इंग्लंडमध्ये एकेकाळी आश्रयदाता नसलेला नट कायद्यानं भटक्या-उडाणटप्पूंत मोजला जाई. १८८३मध्ये ग्लॅडस्टननं नाइटहुड देऊ केलं, तेव्हा अर्व्हिंगनं नकार दिला. १८९५मध्ये त्यानं स्वीकारलं, आणि जुलैमध्ये विंडसरला राणी व्हिक्टोरियानं त्याला सर हेन्री केलं. अभिनयासाठी हा किताब मिळालेला तो पहिला नट. देशभरातल्या नटांना तो किताब आपलाच वाटला. त्या दिवशी इंग्लंडमध्ये एक व्यवसाय सभ्य ठरला, असं मी म्हणेन.

पुढे उतरण लागली. १९ डिसेंबर १८९६ला ‘तिसरा रिचर्ड’चा पहिला प्रयोग दणक्यात झाला. त्याच रात्री घरच्या जिन्यात पडून त्यानं गुडघा दुखावून घेतला. ऐन हंगामात खेळ बंद पडला. १८ फेब्रुवारी १८९८च्या पहाटे सदर्कमधल्या रेल्वे कमानींखालच्या गोदामाला आग लागली. तिथं चव्वेचाळीस नाटकांचे देखावे ठेवलेले होते. हॉस क्रेव्हनसारख्या चित्रकारांनी रंगवलेलं वीस वर्षांचं काम. काटकसर म्हणून अर्व्हिंगनं विमा थोड्याच काळापूर्वी दहा हजार पौंडांवरून सहा हजारांवर आणला होता. ते सगळं पुन्हा करायचं तर तीस हजारांहून जास्त लागले असते. देखावे गेले म्हणजे जुनी नाटकं पुन्हा काढून गल्ला भरायची वाटच बंद झाली. त्याच शरद ऋतूत ग्लासगोच्या दौऱ्यात त्याला फुप्फुसाच्या आजारानं गाठलं. अंथरुणावरून उठेपर्यंत थिएटर एका कंपनीच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. मालक पुन्हा नोकर झाला. लंडन काउंटी कौन्सिलनं आगीपासून बचावासाठी इमारतीत महागडे बदल सांगितले, ते त्या कंपनीला झेपले नाहीत. १९ जुलै १९०२ला ‘मर्चंट’चा प्रयोग झाला, अर्व्हिंग आणि टेरी त्या मंचावर शेवटचं एकत्र उभे राहिले, आणि अर्व्हिंगचं लायसियम संपलं.

तो थांबला नाही, कारण थांबणं परवडणारं नव्हतं. साठी उलटलेला, छातीनं पोखरलेला माणूस गावोगाव निरोपाचे दौरे करत राहिला. ऑक्टोबर १९०५मध्ये यॉर्कशरमधलं ब्रॅडफर्ड. गुरुवारी ‘द बेल्स’ झालं आणि त्याची दमछाक पाहून स्टोकरनं त्या नाटकाचं सामान लंडनला परत पाठवून दिलं. ही भूमिका आता त्याला मारेल, अशी भीती सगळ्यांना होती. शुक्रवारी, १३ तारखेला, टेनिसनचं ‘बेकेट’ झालं. शेवटी आर्चबिशप बेकेट आपला आत्मा देवाच्या हाती सोपवून चर्चमध्ये मारला जातो. खेळ संपल्यावर अर्व्हिंगनं स्टोकरचा हात हातात घेऊन निरोप घेतला. रोज भेटणाऱ्यांत असा हस्तांदोलनाचा रिवाज नव्हता, म्हणून स्टोकरच्या ते लक्षात राहिलं. मिडलंड हॉटेलच्या दिवाणखान्यात पोचताच तो खाली बसला आणि गेला. २० ऑक्टोबरला त्याची रक्षा वेस्टमिन्स्टर अॅबीत, थोर नट गॅरिकच्या शेजारी ठेवली.

शॉ म्हणाला ते नाटकांच्या बाबतीत खरं ठरलं. अर्व्हिंगनं ज्या समकालीन लेखकांवर पैसा ओतला, त्यांची नाटकं आज इंग्रजी रंगभूमीवर नियमानं होत नाहीत, आणि इब्सेन रोज होतो. पण मंचावरची शांतता, प्रेक्षागृहातला अंधार, प्रकाश हे नाटकाचं अंग आहे ही समज, आणि नटाला समाजात ताठ मानेनं बसण्याची जागा, हे सगळं पुढच्या पिढीला आयतं मिळालं, आणि त्या पिढीत शॉचे नटही होते. त्याची किंमत अर्व्हिंगनं भरली. सहाशे माणसांचे पगार दर आठवड्याला चुकते करण्याची जबाबदारी शॉवर कधी आली नव्हती, आणि अर्व्हिंगचा हिशेब मांडताना ही बाजू सोडून दिली तर तो हिशेब खोटा ठरेल.